पुरावा कुठे आहे?

पुण्याहून वर्तक बाई आल्या, तीन दिवसांसाठी,
आमच्या कामाची पातळी ठरवायला.
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही बाराजण.
सूत किती आलं, माल किती गेला, उधारी कोणाकडे,
याचं सॉफ्टवेअर लिहिणारे.
कोंडा सरांनी नवे पडदे लावले होते.
एका परदेशी गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र हवं होतं.

बाईंनी पाणी मागितलं आणि यादी काढली.
बदल कोण मंजूर करतं?
अंबादासभाऊ.
चाचणी पुरी झाली हे कशावरून ठरतं?
अंबादासभाऊ "हां" म्हणतात.
आणि जुनी चूक पुन्हा आली तर?
येत नाही. अंबादासभाऊंना आठवते.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
"कुठे आहेत हे?"
मोतीबिंदूचं ऑपरेशन. आठ दिवस रजा.

सहा वर्षं मी चाचणी करते.
आमच्याकडे पद्धत आहे असंच वाटायचं मला.
त्या दिवशी कळलं, आमच्याकडे एक माणूस आहे,
डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरी बसलेला.

पुरावा कुठे आहे, बाई दर उत्तरानंतर विचारायच्या,
रागानं नाही,
डॉक्टर पोटावर बोटं दाबत विचारतात ना, इथं दुखतं का, तसं.

दुसरा दिवस. बेचाळीस अंश.
एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत, म्हणून मुलाखती तिथंच.
परशुराम गुंडेटी घाम पुसत फोल्डर उघडत होता,
उघडत होता, बंद करत होता.
शेवटी त्यानं अंबादासभाऊंचा खण ओढला.
शेंगाचटणीची रिकामी बरणी. दोन चष्मे.
लाल कापडाची लांबट वही, अडतीच्या दुकानात असते तशी.
अकरा वर्षं. रोजची तारीख. मुंगीएवढं अक्षर.
सगळं तेलुगूत.

बारात सातजण आम्ही घरी तेलुगू बोलतो.
वाचता एकालाही येत नाही.
शाळा बदलल्या तेव्हा काय सुटलं,
त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

मी आईला रिक्षानं बोलावलं.
नरसव्वा. तेलुगू शाळा, चौथी पास,
तीस वर्षं घडी खात्यात चादरी तपासलेली.
दाराशी चप्पल काढून आत आली,
"गार हाय की गं इथं," म्हणाली,
आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली.
मी मराठी करत गेले, बाई लिहीत गेल्या.

पाण्याच्या दिवशी नवी आवृत्ती द्यायची नाही,
अर्धी पोरं नळावर असतात.
गाजूलांच्या कारखान्यात शून्य टाकलं की बिल उलटं होतं.
दर वेळी बघणे.
काल जे बिघडलं ती परशुरामची चूक नाही, माझ्या घाईची.
(परशुराम खिडकीकडे गेला. खिडकीला नवा पडदा होता.)
आज काही मोडलं नाही.
का, ते कळलं नाही.

इथं बाईंनी हात वर केला.
"हे परत वाचा."
आईनं परत वाचलं.

मग वही मिटून आईच बोलली, कोणी न विचारता,
"डाग लई नीट लिहिलेत त्यानं.
पण कोणत्या मागावरचे, ते कुठंच नाही.
मग उद्याची चादर पण तशीच की."

अहवालात पातळी पहिली.
प्रमाणपत्र नाही.
कोंडा सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी पडद्यांच्या बिलावरून भांडले.
निघताना बाईंनी आईला वाकून नमस्कार केला.
आई ओशाळली, म्हणाली, चहा तरी.

आता सोमवारी अंबादासभाऊ काळा चष्मा लावून बसतात,
मी समोर कीबोर्ड घेऊन.
तासाभरात चार ओळी होतात.
मध्येच थांबतात, "हे काय लिहायचं? हे तर सगळ्यांना माहितीये."

मी तेही लिहिते. तारीख घालते.
शेजारी आईचा रकाना आहे, माग नंबर.
बरेच दिवस तो
रिकामाच जातो.