दोन गल्ल्या अलीकडे

ट्रॉय, मिशिगन. हॉटेलच्या तळमजल्यावरची खोली,
भिंतीत आरसा. आरशामागे आम्ही चौघं,
अंधारात खारे बदाम खात.
पलीकडे आठ माणसं. माणशी पंचाहत्तर डॉलर
आणि एक सँडविच.

फळ्यावर दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या.
उभीच्या टोकाला ‘रुबाब’, आडवीच्या टोकाला ‘तारुण्य’.
जर्मन गाड्या वर उजवीकडे, दाटीवाटीनं.
जपानी जरा खाली, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत.
आणि आमचा ठिपका,
तीन वर्षं झाली, सरकवतोय आम्ही.
गाड्यांची नावं काढली, अक्षरं आणि आकडे लावले,
जाहिरातीतला गोल्फवाला म्हातारा घरी बसवला,
एक मुलगी आणली, ओल्या केसांची,
जी कुठेच पोचत नाही,
नुसती डोंगरातून गाडी चालवत राहते.
ठिपका हलला. मिलिमीटरभर.
त्या मिलिमीटरचा खर्च मला सांगता येत नाही,
तशी सही घेतलीये माझी.

ब्रेंट विचारतो, कमावलेल्या हसऱ्या आवाजात,
“समजा, ही गाडी माणूस असती
आणि पार्टीला आली असती, तर?”
दंतवैद्य म्हणतो, उशिरा आली असती.
घरं विकणारी बाई म्हणते, यजमानापेक्षा भारी कपडे घालून.
कुणीतरी म्हणतं, हे तर माझे आजोबा!
सगळे हसतात.
माझ्या शेजारी वेंडेल पेन्सिल मोडतो.

सातव्या खुर्चीत ओडेसा टिलरी.
वय एकाहत्तर, निवृत्त,
एकतीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवलेल्या.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इतरांनी पसरलेल्या पायांखालचं अंथरूण
हिनं शिवलं.
टेबलावरच्या चामड्याच्या नमुन्यावरून ती अंगठा फिरवते,
एका टाक्याशी थांबते,
त्याबद्दल काही बोलत नाही.

मग म्हणते, “पार्टीचं मला ठाऊक नाही.
माझ्या बापानं कॅडिलॅक घेतली होती.
जुनीच, कुणीतरी वापरलेली,
पिस्त्याच्या रंगाची, मागे हे एवढाले पंख.
ओतशाळेत होता तो, भट्टीवर.
आणि त्याच्या फोरमनकडे साधी शेवरोले.
म्हणून बाप रोज गाडी लावायचा
दोन गल्ल्या अलीकडे, लाँड्रीच्या मागे,
आणि डबा घेऊन पुढचं चालत जायचा.
बर्फातसुद्धा.
डोळ्यावर येऊ नये कुणाच्या.
रविवारी मात्र चर्चच्या दारात,
अगदी पायरीला चिकटवून.
उतरायलाच त्याला पाव तास लागायचा.
आधी टोपी. मग हातमोजे. मग आई.”

कुणी हसत नाही.
एसीचा आवाज आमच्या बाजूलाही येतो.

ब्रेंट सावरतो. “छान. फारच छान.
मग ओडेसा, ती गाडी
ह्या फळ्यावर तुम्ही कुठे ठेवाल?”

ती उठते, गुडघा धरत.
मार्कर घेते. रुबाब वाचते, तारुण्य वाचते,
आणि ठिपका काढते फळ्याच्या बाहेर,
हॉटेलच्या साईरंगी भिंतीवर.
“इथे,” ती म्हणते. “इथून पुढे चालत.”

वेंडेल पुटपुटतो, हिला आकडेवारीतून वगळा.
मी वगळलं. माझं कामच ते.
भिंत पुसायला हॉटेलनं वेगळे पैसे लावले,
ते कुठल्या खात्यात टाकायचे
यावर पुढे दोन बैठका झाल्या.

रात्री बाहेर आलो.
माझी गाडी दारातच उभी होती, दिव्याखाली,
कर्मचारी-सवलतीत मिळालेली, ह्याच वर्षीची,
तीन अक्षरं, एक आकडा.
माणसं तिच्या बाजूनं जात होती, येत होती,
आणि ती
कुणाच्याही डोळ्यावर येत नव्हती.