पानगळ

शाळेनं एक पिवळी वही दिली होती:
तारीख, पुस्तक, मिनिटं, पालकांची सही.
रोज वीस मिनिटं.
मी आठवड्याच्या सह्या एकदमच उरकायचे,
रविवारी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत.

उपेंद्रनं पत्रकाबरहुकूम
खिडकीशी वाचनकोपरा केला,
दाण्यांची फुगीर गादी आणली.
तिच्यावर धुतलेले कपडे
आठवडाभर रेलून बसायचे.
ते काही वाचत नव्हते.

डंडीत नोव्हेंबरात चारच्या आत दिवे लागतात.
आठला माझी रात्रपाळी.
त्याआधी मिहिकाची गोष्ट,
लायब्ररीतून आणलेली, कुणीतरी कोपरे चावलेली,
नदीतून टपाल पोचवणाऱ्या पाणमांजराची.

आणि मी पानं गाळायचे.
कबूल करते. दोन दोन, कधी तीन,
अंगठ्याखाली अलगद एकत्र धरून.
वॉर्डात थेंब थेंब मोजणारी मी,
इथं सरळ पाट्या टाकायचे.
पाच वर्षांची पोर, तिला काय कळतंय.
पुलाखालून निघालेलं पाणमांजर
माझ्या गोष्टीत थेट समुद्रावर.
वादळ नाही, वाट चुकणं नाही,
टपाल वेळेवर. झोप आता.

एका रात्री ती म्हणाली,
"त्याच्या शेपटीला पट्टी का आहे, माहितीये?"
मी चित्र पाहिलं. खरंच, पट्टी होती.
सोळा वर्षं मी मलमपट्ट्या करतेय
आणि ही नजरेतून सुटलेली.
"गिरणीच्या चाकात अडकली शेपटी.
मग बगळ्यानं बांधली.
गाठ चुकलीये त्याची. तू नीट बांधली असतीस."

कुणी सांगितलं तुला?

"कुणी नाही. तू सोडतेस ना,
त्या पानावर आहे."

हळूहळू उलगडलं ते असं:
सकाळी मी पाळीवरून येऊन
जाड पडद्यांआड आडवी झाले, की ही
टोस्टचा तुकडा दातांत धरून
त्या गादीवर, कपड्यांच्या ढिगात शिरायची
आणि आईनं काय लपवलं ते शोधायची.
बोटाखाली एकेक अक्षर.
अडलं की बाबाला नुसता शब्द विचारायचा,
कशासाठी ते सांगायचं नाही.
'हेरन' तिनं तीन दिवस तोंडात घोळवला.
उपेंद्रला वाटलं, शाळेत कोडी घालत असतील.

पालकसभेत मिसेस गिलेस्पींनी विचारलं,
घरी नेमकं काय करता तुम्ही?
बाकीच्या पालकांनाही सांगता येईल.
मी कोटाचं बटण लावत राहिले.
बाहेर मैदानात बीचचं झाड
पानं गाळत होतं, अगदी निवांत.
त्याच्याकडे कुणी सही मागत नव्हतं.

आता ती आठ वर्षांची. गोष्ट नको म्हणते.
दार अर्धं लोटून घेते.
गेल्या आठवड्यात आतून एकटीच हसली,
एवढ्या मोठ्यांदा, की मी डबा भरता भरता
हातात पळी घेऊन दारात:
काय झालं गं?
मान वर न करता म्हणाली,
"सांगून मजा नाही आई. वाच की तूच."

काल रात्री अडीचला वॉर्ड शांत होता.
पिशवीत डब्याखाली ते पुस्तक होतं,
तिनं संपवलेलं, कण्यावर जॅमचा डाग.
मी पहिल्या पानापासून धरलं.
काही गाळलं नाही. हसण्याची जागा
अजून आली नव्हती.
पंचेचाळिसाव्या पानावर
सहा नंबरच्या आजोबांची घंटा वाजली.
खूण करायला काही नव्हतं हाताशी,
म्हणून पट्टीचा एक तुकडा
आत ठेवून उठले.