जुना संच, परळी

बंद पडलेल्या संचाला आता तिकीट आहे.
मोठ्यांना वीस, लेकरांना दहा.
गाईड पोरगा, तौसीफ, पिवळं हेल्मेट मानेवर ढकलून सांगतो
बॉयलर किती मजली,
रोज किती वाघिणी उपड्या व्हायच्या.
आई हेल्मेट पदरावरूनच घालते.
ते डोळ्यांवर येतं. ती काढत नाही.

सायरनचं बटण आहे, दाबून बघा म्हणतात.
एका शाळेची सहल ते सारखं दाबते.
आमच्या वस्तीत या आवाजावर
बाया वाळत घातलेलं ओढून आत घ्यायच्या,
कारण मागून राख यायची भुरभुर,
ताकावर, काजळाच्या डबीत,
एकदा तर नवरीच्या ओल्या हळदीवर.
ती राख इथं बरणीत आहे.
झाकणाला सील.

भिंतीवर फोटो : फोरमन, फिटर,
शिडीवर चढलेला कुणी हसरा.
सायडिंगचाही आहे, रिकाम्या.
पहाटे चारला तिथं वाघिणीखाली
आई, चतुरामावशी, खैरुन,
आणि पोत्याचं तोंड धरून मी.
शिट्टी वाजली की पळायचं.
शिट्टीसुद्धा ठेवलीय, पितळेची, दोरीसकट.

शेवटच्या काचेत मखमलीवर एक ढेकूळ.
पाटी : दगडी कोळसा.
आई वाकते. हेल्मेट काचेला टक्कन लागतं.
"आरं पोरा, ह्यो कोळसा न्हाई. नुसता दगड हाय."
तौसीफ पाटी दाखवतो.
"आसंल पाटी. चूल पेटत न्हाई ह्याच्यानं.
कोळसा फुटला की आरशावानी चमकतो,
हे बग, तव्याच्या बुडासारखं.
आन् हातात घेतलं तर जड लागंल.
उघड, दावते."
किल्ली साहेबांकडे.
साहेब बीडला, मीटिंगला.
"तपासून घेतो, आजी," तो म्हणाला
आणि सहलीकडे वळला.

दारात अभिप्रायाची वही.
मी लिहिलं, छान जपलंय.
पुढं काही सुचेना, पेन दोरीला बांधलेला,
तेवढ्यात दोरी संपली.

मान वर केली तर आई सायडिंगच्या गवतात,
चपला बाजूला काढून
रुळाकडची खडी पायाच्या बोटांनी उलथतेय.
एक उचलला, तळहातावर झेलला, टाकला.
दुसराही टाकला.
तिसरा झेलत राहिली,
मग पदराच्या टोकाला गाठ.

गेटवरचा वॉचमन बघत होता.
त्यानं हात तोंडाकडे नेला.
माझे पाय आपोआप पळायच्या बेतात,
चाळीस वर्षांनी, चांगल्या साडीत.

जांभई होती.