साडेचार इंच

गोत्रीच्या त्या इमारतीचं गणित मी केलं होतं.
कॉलम अठ्ठावीस, बीम मजल्यागणिक,
आणि भिंती
फक्त वजनाच्या रकान्यात.
मीटरला इतके किलो, गुणिले उंची, खाली बेरीज.
पागेसाहेब म्हणायचे, भिंत मोजायची नसते गं,
सांगाड्यात भरायची असते,
उशीत कापूस भरावा तशी.

दाहोदचा वालसिंग डामोर मात्र
बीमखालचा शेवटचा थर लावताना
अख्खी दुपार घ्यायचा.
विटा तिरक्या करून, फटीत माल ठासून,
थापीच्या दांड्यानं ठोकायचा, कान लावायचा.
पोकळ वाजली की काढायचा.
मी म्हटलं, वालसिंगभाई, हे नुसतं भरणं आहे.
तो म्हणाला, "बेन, भरेलुं होय तो बोलवुं ना जोईए."
भरलेलं असेल तर वाजता कामा नये.
तिसरा मजला झाल्यावर ठेकेदारानं
त्याला दुसऱ्या साइटवर धाडलं.
त्याच्या वर कुणी कान लावला नाही.

सव्वीस जानेवारीची सकाळ.
तारांवर उत्तरायणाचे पतंग अजून लटकलेले,
शाळेच्या मैदानात झेंडावंदन,
आणि पश्चिमेकडून जमीन चालत आली.

चौकटीचा चौकोन कलला,
आधी उजवीकडे, मग डावीकडे,
आणि जिला मोजलं नव्हतं ती
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत
तिरकी टेकू होऊन उभी राहिली.
उलटा हेलकावा आला, तर दुसऱ्या कर्णावर.
वीट दाब सोसते, ताण सोसत नाही.
ज्या कर्णावर टेकली
त्याच कर्णावर चिरली.

दुसऱ्या मजल्यावर, शालनताई खानविलकरांच्या हॉलमध्ये
ती फुली मी पाहिली.
शेजारचा पोरगा म्हणाला, पतंगाच्या कामट्या.
मला पायऱ्या दिसल्या, सांध्यासांध्यातून उतरलेल्या.
बोट घातलं तर पेरभर आत गेलं.
शेजारच्या कॉलमवर केसाएवढीही रेघ नाही.

चौथ्या मजल्यावरची चिरलीच नव्हती.
बीमखाली दोन बोटं फट, माल कुठेच नाही,
अख्खी भिंत कपाटासारखी
पुढं कलंडून पलंगावर.
पलंग रिकामा. माणसं झेंडावंदनाला.

जिन्यालगत एक अर्ध्या उंचीची होती.
तिनं कॉलमला कमरेशी घट्ट धरलं
आणि वरचं सगळं हलणं
उरलेल्या तीन फुटांत येऊन पडलं.
तिथंच तो मोडला.
मदत अर्धीच केली की असं होतं,
पागेसाहेब म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

खाली पार्किंग. तिथं भिंती नव्हत्याच,
मीच खोडल्या होत्या, गाड्यांना जागा म्हणून.
वरचे मजले एकमेकांना धरून एकजीव झालेले,
सगळं झुलणं या उघड्या पायांच्या वाट्याला.
कॉलमच्या डोक्यांतून सळया बाहेर,
आणि स्कूटरी जशाच्या तशा, रांगेत.

शालनताईंना पाडव्याआधी रंग हवा होता.
म्हटलं, थांबा जरा.
भेगेवर काचेची पट्टी चिकटवली,
खाली पेन्सिलनं तारीख.
ही तुटली तर भिंत हलली समजा. फोन करा.

मग कॉलम जाड केले,
तळमजल्यावर चार भिंती उभ्या केल्या,
या वेळी गणितात धरून.
पागेसाहेबांनी सही केली, काही बोलले नाहीत.

फोन नऊ वर्षांनी आला.
काच तुटली गं.
जीव मुठीत धरून गेले, जिने चढले.
फुली केव्हाच भरलेली, वर दोनदा रंग,
तेवढी पट्टी नि तारीख
त्यांनी रंगाबाहेर ठेवलेली.
नातवाचा चेंडू लागला, म्हणाल्या,
पण तू फोन कर म्हणाली होतीस ना.

काचेचे तुकडे कुंकवाच्या जुन्या डबीत होते.
चहा येईपर्यंत मी किल्ल्यांचा जुडगा काढला,
बीमखाली, हात पोचेल तिथं ठोकलं,
स्टुलावर उभी राहून कान लावला.

बोलली नाही.