कागदभर

ओइवाने मोटर टेबलावर ठेवली
तशी माझ्या कॉफीची बशी किणकिणली.
"हेल्लेवी, हिला बसवायचंय."
कुठे, ते विचारायला नको होतं.
काखेत गाडी होती, हातभर लांबीची,
पोट उघडं,
आणि जुन्या मोटरची बैठक
या जाडजूड पाहुणीला अपुरी.

चौदा वर्षांचा आहे. खालच्या मजल्यावर राहतो.
तीन गिअर खाऊन झालेत त्याचे.
चौथा खिशातून काढून दाखवला:
कुणी कणीस अर्धं चावून टाकावं, तसा.
बाप म्हणे, गोंद लाव.
बाप रोवानिएमीपर्यंत ओंडक्यांचा ट्रक नेतो,
त्याच्या जगात काहीही
साखळीने आवळलं की बसतं.

मी एकतीस वर्षं कागद गिरणीत, दुरुस्ती खात्यात.
जे रूळ मी समपातळीत आणले
त्यांच्यापुढे ही मोटर म्हणजे वाटाणा.
तरी कॅलिपर उघडताना हात थरथरला.
थंडीने, म्हणू.

आधी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, कात्रीने.
दोन भोकं, मधलं अंतर पंचवीस मिलिमीटर,
आणि दांड्यासाठी एक डोळा.
पुठ्ठा खोटं बोलत नाही,
पण भारही घेत नाही.
मग त्याने शाळेतल्या यंत्रावर प्लास्टिकची छापून आणली,
गाजराच्या रंगाची, देखणी.
गोठलेल्या तळ्यावर, उणे अठरात,
मोटर तापली, बैठक मेणासारखी कलली,
लहान गिअर कण्हत मोठ्याच्या अंगावर चढला.
बर्फाला भोक पाडून गळ सोडून बसलेला सुलो
म्हणाला, मासे पळाले.
दिवसभरात त्याला एकही लागला नव्हता.

"म्हणजे अ‍ॅल्युमिनियम," ओइवा म्हणाला,
जणू कुणीतरी त्याचा दात काढणार होतं.

तळघरात, स्की आणि सायकलींच्या गर्दीत माझा व्हाइस.
पाच मिलिमीटर जाडीची कोनपट्टी.
कानस त्याच्या हातात दिली.
पुढे जाताना दाब, मागे येताना उचल,
मागे घासलीस तर बोथट होईल,
आणि कीस फुंकू नकोस, डोळ्यात जातो.
फुंकलाच त्याने.

भोकं मी लांबट करायला लावली, वालाच्या शेंगेएवढी.
तो चिडला.
"नेमकं मोजलंय की आपण!"
मोजलंय रे.
पण उद्या बारा दातांचा लावशील, परवा पंधराचा,
मोटरला मागेपुढे सरकायला नको?
नेमकं भोक एकदाच बरोबर असतं.

आता दोन गिअरांमधली फट.
घट्ट बसवले तर किंचाळतात,
सैल सोडले तर एकमेकांचे दात पाडतात.
"पण किती?" त्याने विचारलं. "आकडा सांग."
सूतभर नाही. केसभरही नाही.
मी वर गेले, कपाटातून गुंडाळी काढली.
दोन नंबरचं यंत्र बंद पडलं त्या दुपारी
शेवटच्या रिळातून प्रत्येकाने
वावभर कागद फाडून घेतला होता.
कुणी त्यावर सह्या घेतल्या. माझा कोराच राहिला,
काय लिहायचं ते ठरेना.

बोटभर पट्टी कापली.
दातांमध्ये धरली, मोटर पुढे रेटली,
स्क्रू आवळले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
"फिरव."
पट्टी पलीकडून बाहेर आली,
फाटली नव्हती, नागमोडी दुमडली होती,
आणि जिथे ती होती तिथे
आता तेवढीच हवा.

रविवारी तळ्यावर गाडी गेली
तेव्हा आवाज असा की सुलोने मान वर केली नाही.
बर्चच्या रांगेपर्यंत गेली, वळली,
परत येताना माझ्या बुटांवर बर्फ उडवला.
ओइवा काही बोलला नाही. नाक पुसत राहिला.

सोमवारी दारात पुन्हा तोच.
पुढचा आस वाकलाय, सुलोच्या बादलीला धडकून.
आस कागदाने सरळ होत नाही, मी म्हटलं.
माहितेय, म्हणाला,
आणि बूट काढता काढता विचारलं,
"उरलाय ना पण?"