फिर्मँचं कोपर

संग्रहालयाची फरशी मी सोमवारी पुसते.
सोमवारी दार बंद असतं, चित्रांना सुट्टी.
तिसऱ्या दालनात, सोनेरी चौकटीत, आम्ही.

खाली पितळी पट्टीवर लिहिलंय: भुकेले खेळवाले.
मला वाचता येत नाही. रखवालदार ओबेरनं वाचून दाखवलं
आणि मी बादलीला धरून हसले.

कारण त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो होतो.
आमियेंच्या जत्रेत बर्फानं तंबू बसला होता,
ब्रासारसाहेब चिखल तुडवत आला, म्हणाला,
तासाला दोन फ्रँक. फक्त हलायचं नाही.
आईनं पैसे आगाऊ मागून घेतले,
कांद्याचं सूप केलं, वर चीज,
पीपो कुत्र्यालासुद्धा हाड.

हातावर पोट म्हणतात ना,
आमचं खरोखर तसं होतं. बाप हातांवर चालायचा,
पाय आभाळात, टोपी दातांत,
टोपीत पडेल ते आमचं.
अशा माणसाला सांगायचं, पेटीवर बस,
गुडघ्यांत मान घाल, आणि तसाच राहा!
त्याच्या पोटऱ्या दिवेलागणीपर्यंत थरथरत होत्या.
दोरीवर जो कधी डगमगला नाही
तो पेटीवर बसून घामाघूम झाला.

साहेब म्हणायचा, खिन्न व्हा.
आईला ढेकर आला.
फिर्मँकाका हसला,
आणि फिर्मँ एकदा हसला की ढोलवालेसुद्धा ठेका चुकायचे.
साहेबानं त्याला तंबूबाहेर काढलं,
मग चित्राबाहेर.
त्याच्या जागी राखाडी आभाळ भरलं, दोन हात रुंद.

माझे बूट लाल होते.
बाझिलनं लीलमध्ये पत्त्यांत जिंकलेले,
कुठल्याशा सार्जंटच्या लेकीचे,
एक माप मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या.
तारेवरून उतरले की मी ते घालून मिरवायची.
साहेब म्हणाला, झेली, काढ ते.
काढले.
त्यानं माझे पाय निळे रंगवले, फार सुंदर,
एकेक बोट वेगळं, नखाखाली हिवाळा.
मग मला खरंच थंडी वाजायला लागली.

पॅरिसात त्याला पदक मिळालं म्हणे.
तोवर बाप रँसजवळ पडला होता;
दोरी नवी होती, माणूस जुना.
बाझिल पलटणीबरोबर गेला तो सदांहून आलाच नाही.
आईचं सांगत नाही.

रविवारी शहरातल्या बायका आमच्यापुढे उभ्या राहतात,
रुमाल काढतात.
एकीनं विचारलं, त्या अनवाणी पोरीचं पुढे काय झालं असेल हो?
ओबेर म्हणाला, ती सोमवारी येते.
बाईंना तो विनोद वाटला नाही.

रंग वयानं पातळ होतो, असं ओबेर सांगतो.
गेल्या थंडीपासून त्या राखाडी आभाळात,
आईच्या खांद्यामागे, काहीतरी वर येतंय.
मला डाग वाटला. ओलं फडकं घेऊन धावले,
तर ओबेर असा ओरडला की बादलीच कलंडली.
मग दोघं नाक लावून बघत राहिलो.
कोपर आहे.
वाकडं, माकाँला मोडून उलटं जुळलेलं.
असं कोपर अख्ख्या फ्रान्समध्ये एकाचंच होतं.

आता दर सोमवारी आधी तिसरं दालन.
हनुवटी अजून आलेली नाही,
दात तर लांबच.
गुडघे दुखतात, मुकादम म्हणतो, पुरे आता, घरी बस.
बसेन.
फिर्मँ हसेपर्यंत थांबायला नको का कुणी?