रिकाम्याची जकात

बावीस वर्षं मी नाक्यावर पावत्या फाडल्या.
गूळ, बेदाणा, सिमेंट, सुतळी.
ज्याला नाव त्याला दर.
नाव नसलेला माल
मिरजेत शिरूच शकत नव्हता.

रात्रपाळीला वाचायला रद्दीतून एक पुस्तक आणलेलं,
पुढची पानं गेलेली.
त्यात चीनमधला एक म्हातारा दफ्तरदार होता.
राजे एकमेकांची गावं जाळायचे,
कागद हा लावून ठेवायचा.
एक दिवस उठला, बैलावर बसला, पश्चिमेला निघाला.
खिंडीतल्या नाकेदारानं अडवलं :
जाताय तर जा, पण चार ओळी लिहून ठेवा.
त्यानं लिहिल्या. गेला.

असा कुणी खरंच होता का,
याची पुस्तकालाच खात्री नव्हती.
मला त्याचं काही नाही.
मला तो नाकेदार आपल्या खात्यातला वाटला.
फक्त, पैसे सोडून दुसरं काही मागणारा
आमच्यात एकही निघाला नसता.

त्याच आठवड्यात, पहाटे साडेतीनला,
दस्तगीर शिकलगारचा टेम्पो आला.
सतारीचे भोपळे, वाळलेले, गवतात रचलेले.
"काय माल?"
"पोकळी."
म्हटलं, चेष्टा नको, वजन सांग.
त्यानं एक भोपळा माझ्या कानाशी धरला
आणि टिचकी मारली.
लांब कुठंतरी कुणी दार उघडलं.
"आमचे जुने लोक तलवारींना धार लावायचे," तो म्हणाला,
"तलवारी गेल्या. आता हे.
साल आमची, लाकूड आमचं.
वाजतं ते आमचं न्हवं."

मी दराचं कोष्टक दोनदा चाळलं.
मग हरिपूरचा मामा आठवला.
हळदीला सगळेच जपायचे,
हा पेवाला जपायचा, जमिनीतल्या त्या काळ्या खड्ड्याला.
कंदील सोडून बघायचा
आत अजून नीट काही नाही ना.

रजिस्टरात माल या रकान्यात एक रेघ ओढली
आणि दांडा वर केला.
बावीस वर्षांत तेवढंच एक काम
न करता झालं.

महापुराच्या साली माझी बदली सांगलीवाडीला होती.
कृष्णा नाक्यात शिरली, पावती न फाडता.
भांडली नाही, थांबली नाही,
जिथं जिथं खोलगट दिसलं तिथं जाऊन बसली.
साहेबांचं लोखंडी कपाट तिनं आडवं केलं,
तेही घाई न करता.
माझं रजिस्टर तीन दिवस पाण्यात होतं.
शाई निघून गेली, रेघ कुठली आणि गूळ कुठला
काही कळेना.
साहेब हळहळले. मी उन्हात पानं वाळवत बसलो,
आणि खरं सांगतो, कोरी पानं बरी दिसत होती.

आता जकातच गेली.
केबिनला दार नाही, खिडकीला गज नाहीत,
दुपारी शेरडं सावलीला येऊन बसतात.
परवा फिरत फिरत गेलो तिकडं.
भिंतीवर सहज टिचकी मारली.

एक शेरडू मान वर करून बघत राहिलं.